चौथा पत्रा

निमोणे,
८ डिसेंबर २०२४

चि. शायना,
अनेक आशीर्वाद.

तू दिलेले जपानी चित्रकथांचे सातही खंड वाचून झाले. पहिला खंड मी आपल्या सवयीनं डावीकडून उघडला, आणि एका पानावर मेलेला माणूस पुढच्या पानावर जेवायला बसलेला पाहून बुचकळ्यात पडलो. मग तुझी चिठ्ठी सापडली, की ही पुस्तकं उजवीकडून वाचायची असतात. आमच्या सौ. सारजाबाई म्हणाल्या, "तेहतीस वर्षं दौंडात पोरांना चित्रं शिकवली, आन् आता पुस्तक कसं धरायचं ते पोरीकडनं शिका."

तू मत विचारलंस म्हणून सांगतो. यांची शाई मला आवडली. काळा रंग कुठं थांबवायचा हे या लोकांना कळतं. एका खंडात सबंध पान नुसतं नळाखालच्या बादलीचं आहे. घरातलं माणूस गेलंय, बादली भरून वाहतेय, नळ बंद करायला कुणी नाही. असं पान मला जन्मात जमलं नसतं. पण लिखाण म्हणशील तर निम्मं भुसकट. तलवार उगारलेली असताना माणूस दोन पानं भाषण देतो. दुष्ट माणूस मरायला टेकला की त्याचं दुःखी बालपण सुरू होतं. डोळे इतके मोठे की नाकातोंडाला कामच उरत नाही. बायांची अंगं काढताना कथेला काय हवं हे विसरून बघणाऱ्याला काय हवं हे आठवतात. तू दिवाळीत लॅपटॉपवर दाखवलेल्या ॲनिमे चित्रपटातही तेच. ढग, गवत, आगगाडी सगळं जिवंत, आणि बोलणारा माणूस पुतळा. नुसता ओठ हलतो.

आता तुझी बारा पानं. माझ्या सांगण्यावरून मूळ कागद पोस्टानं पाठवलेस हे बरं केलंस. फोनवर चित्र बघणं म्हणजे काचेआडून भाकरीचा वास घेणं. 'टाकीखालचं गाव' हे नाव चांगलं. ती मोठी लोखंडी टाकी, तिच्या पायथ्याच्या पाचटाच्या झोपडीवजा कोप्या, दोरीवरची लुगडी, सगळं असं काढलंयस की हात लावावासा वाटतो. पण गोष्ट पटत नाही. टाकी आतून धुमसतेय, तिच्या अंगावरून काळे ओघळ येतायत, खाली माणसं स्वयंपाक करतायत आणि वर कुणी पाहत नाही. माणसं इतकी मुकी नसतात. हा लेखकाचा आळस झाला. आणि गोष्टीतल्या त्या खिडकीतल्या मुलीला नाव तरी दे.

तुझा,
भिमाजी काळे


दौंड,
२२ डिसेंबर २०२४

आदरणीय सर,
नमस्कार.

तुमचं पत्र तीनदा वाचलं. भाषणांबद्दल आणि बायांच्या अंगांबद्दल तुम्ही म्हणता ते मान्य. त्याच कारणानं मी दोन मालिका अर्ध्यावर सोडल्या. पण पुतळ्यांबद्दल नाही. पैसा आणि वेळ कमी असला की ते लोक माणूस थांबवतात आणि मागचं आभाळ हलवतात. मला ती चलाखी वाटत नाही. आपण घाबरलो की आपणही असेच थांबतो आणि मागचं सगळं चालू राहतं.

मुलीला नाव नाही कारण तिला कुणी हाक मारत नाही. ती खिडकीतून बघते एवढंच तिचं काम.

मी बरी आहे. साखर कारखान्याच्या लॅबमध्ये आता कायम झाले. रोज मळीचे, म्हणजे साखर काढून उरलेल्या काळ्या पाकाचे, नमुने घ्यायचे, गोडी आणि तापमान मोजायचं, वहीत लिहायचं. गेटवर फोन काढून ठेवावा लागतो, त्यामुळे दिवसभर डोळे मोकळे असतात. घरी आले की दिसलेलं कागदावर उतरवते. टाकी वगैरे मनातलीच आहे, तुम्ही त्याची काळजी करू नका.

अब्बांना तुमचा सलाम सांगितला. म्हणाले, "सरांना म्हणावं, तुमच्या शाळेचं गेट मीच जोडलंवतं, आजून निखळलं न्हाई." बावीस वर्षं त्याच कारखान्यात वेल्डिंग करतायत. आता संध्याकाळी डोळ्यांवर बटाट्याचे काप ठेवून पडतात. माझी चित्रं त्यांनी कधी पाहिली नाहीत. डोळे दुखतात म्हणतात.

सोळा पानं पाठवतेय. यात शिडीवरचा माणूस येतो. तो कसा वाटला ते कळवा.

तुमची,
शायना शेखलाल शेख


निमोणे,
१२ जानेवारी २०२५

चि. शायना,
आशीर्वाद.

शिडीवरचा माणूस चांगला आहे. पाठमोरा, चेहरा नाही, खांद्याला वायर, आणि ठिणग्या पांढऱ्या ठेवून भोवतीचं सगळं काळं केलंयस. पहिल्यांदाच तुझ्या गोष्टीत कुणीतरी काहीतरी करतंय. पण तो करतो काय? ओघळावर पत्र्याचं ठिगळ लावतो आणि उतरतो. पुढच्या पानात पुन्हा दुसरं ठिगळ. त्याला कळत नाही का? कळत असेल तर तो बोलत का नाही, आणि कळत नसेल तर तू त्याला इतका थकलेला का काढलास? एकतर त्याला मूर्ख कर, नाहीतर त्याला तोंड दे.

साहेब लोकांच्या चष्म्यावर तू पांढरी चमक मारून डोळे झाकलेस. ही त्या पुस्तकांतली उसनी युक्ती आहे. चष्मा चमकला की माणूस वाईट, हे वाचकाला चौथ्या पानात पाठ होतं. मला भेटलेले बहुतेक वाईट साहेब चहा विचारणारे होते.

आणि एक ढळढळीत चूक. चौदाव्या पानात टाकीवर तीन ओघळ आहेत. बाविसाव्यात सात. सव्विसाव्यात अकरा. मी तुला हेच शिकवलं होतं ना, की मागचं दृश्य एकदा ठरलं की ते बदलायचं नाही? शेजारची धाकटी टाकी बघ, ती प्रत्येक पानात तीच आहे, स्वच्छ. तसं पाहिजे.

थंडी फार आहे. कांदा बरा आहे.

भिमाजी काळे


दौंड,
३० जानेवारी २०२५

आदरणीय सर,

ओघळांची चूक नाही. मोजून काढलेत.

दहा पानं पाठवतेय. ही कुणाला दाखवू नका. अब्बांना सुट्टीच्या दिवशीही बोलावलं होतं, तिसऱ्यांदा. घरी आल्यावर जेवले नाहीत. मी विचारलं, काय काम होतं. म्हणाले, "तुझं तू नमुनं मोज."

नमुने मोजतेय. मळी आत तापत चालली आहे. मी वहीत खरा आकडा लिहिते आणि दुसऱ्या दिवशी त्यावर पांढरी शाई असते.

या वेळी लिखाणाबद्दल काही लिहू नका, सर. फक्त चित्रं बघा.

शायना


निमोणे,
९ फेब्रुवारी २०२५

चि. शायना,

तू म्हणालीस तसं केलं. सगळी अडतीस पानं ओसरीवर ओळीनं मांडली आणि संवादाच्या फुग्यांतला एकही शब्द वाचला नाही. फक्त माणसांच्या मागं काय आहे ते बघत गेलो. तेव्हा दिसलं, की प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात तारीख आहे. मी ती पानाची खूण समजत होतो. पाच डिसेंबर, तीन ओघळ. वीस डिसेंबर, सात. एकोणतीस जानेवारी, एकोणीस आणि तीन पत्रे.

तेवढ्यात माझा पुतण्या माऊली आला. त्याचा ट्रॅक्टर तुमच्याच कारखान्याला ऊस वाहतो. कुणाला दाखवू नको म्हणाली होतीस, पण पानं उघडीच होती. तो उभ्या उभ्या म्हणाला, "आप्पा, ही आमच्या कारखान्याची मळीची टाकी हाय की. आन् ही सोजराबाईची कोपी. हितं तिची शेळी बांधलेली असती, हीच ती, कान फाटकी."

मी त्याला विचारलं, टाकी खरंच अशी गळते का. तो म्हणाला, "गळती व्हय. समद्यांना दिसतंय. कोन बोलणार?"

पोरी, मी दोन महिने तुला आळशी म्हणत होतो.

सरळ विचारतो. हे सगळं खरं आहे का? शिडीवरचा माणूस शेखलाल आहे का? उलट टपाली लिही. आणि मी येतोय.

भिमाजी काळे


दौंड,
१३ फेब्रुवारी २०२५

आदरणीय सर,

हो. सगळं खरं आहे.

लॅबच्या खिडकीतून मोठी टाकी पूर्ण दिसते आणि धाकटीची एक बाजू. कोप्यांमधून ऊसतोडीची सत्तरेक माणसं आहेत, त्यांत पोरं वीस-बावीस. अब्बांनी नोव्हेंबरातच साहेबांना सांगितलं, की जुना पत्रा पातळ झालाय, त्यावर वेल्डिंग धरत नाही, टाकी रिकामी करा. साहेबांनी त्यांना खुर्ची दिली, चहा दिला. म्हणाले, "शेखलाल, हंगाम संपून पट्टा पडेपर्यंत सांभाळून घे. तू आहेस म्हणून मला काळजी नाही." सर, तुम्ही चष्म्याबद्दल बरोबर लिहिलं होतं.

अब्बांनी सांभाळून घेतलं. प्रत्येक पत्र्यागणिक कागदावर त्यांची सही आहे, दुरुस्ती पूर्ण, टाकी सुरक्षित. माझी पानं बाहेर गेली तर पहिला माणूस अब्बाच धरला जाईल. म्हणून मी तुम्हाला खोटं लिहिलं. आणि तरी पाठवत राहिले, कारण कुणीतरी बघावं असं वाटत होतं. मला वाटलं, तुम्ही पहिल्याच खेपेला ओळखाल.

अब्बांना अजून ठाऊक नाही, मी काय काढते ते.

या. पण घरी येऊ नका. सोजराबाईचा नवरा हौसराव, तोच त्या तोडणीवाल्यांचा मुकादम. त्याला भेटा.

शायना


निमोणे,
२१ फेब्रुवारी २०२५

चि. शायना,
आशीर्वाद.

मी येऊन गेलो हे तुला कळलंच असेल. शिरूरहून न्हावऱ्यामार्गे एसटी, पुढं माऊलीचा ट्रॅक्टर. लांबून टाकी दिसली तेव्हा पहिल्यांदा मनात आलं, की पोरीनं प्रमाण अचूक पकडलंय. मग लाज वाटली.

पानं मी कुणाला दाखवली नाहीत. हौसरावाला हाताला धरून टाकीखाली नेलं आणि वर बघायला सांगितलं. तो म्हणाला, "मास्तर, दिसतंय मला. पर कारखान्यानं दिल्याली जागा हाय, दुसरीकडं कुठं जायचं?" मी म्हणालो, जागा मी बघतो. माऊलीची चेअरमनच्या भावाशी ओळख, तीही वापरली. कारखान्यानं ताणलं नाही. धाकट्या टाकीच्या मागं, शेताच्या अंगाला मोकळी पट्टी आहे, तिथं परवानगी दिली. मी स्वतः धाकटी टाकी बघितली. तुझ्या पानांत आहे तशीच, एक ओघळ नाही. चार दिवसांत बावीस कोप्या हलल्या. सोजराबाईनं मला चुलीवरचा चहा दिला आणि म्हणाली, "हितं वारं बरं लागतंय."

ऑफिसात लेखी अर्जही दिला, पोच घेतली. मोठ्या टाकीतली निम्मी मळी धाकटीत घेऊ, असं ते म्हणाले. दोन माणसं मोठ्या टाकीला चंदेरी रंग मारत होती. ओघळांवरूनच ब्रश चालला होता. तो रंग बघून मला बरं वाटलं नाही.

पण माणसं तिथून निघाली. आता तू तुझी गोष्ट नीट शेवटाला ने. त्या शिडीवरच्या माणसाशी बोल. म्हणजे कागदावर नव्हे, घरात.

भिमाजी काळे


दौंड,
११ मार्च २०२५

आदरणीय सर,

हे पत्र माऊलीदादांच्या हाती देतेय. तुमचा फोन लागत नाही. त्यांना मी तोंडी सगळं सांगितलंय, तरी लिहिते, कारण पुढं कुणी विचारलं तर लिहिलेलं असावं.

मोठी टाकी फुटल्याचं तुम्ही पेपरात वाचलं असेल. गुरुवारी, सहा तारखेला दुपारी अडीच वाजता. मी खिडकीतच होते. आवाज झाला नाही. आधी वरून तिसरा पत्रा सुटला, कागद सुटावा तसा, आणि मग उभी शिवण खालपर्यंत उघडली. मळी हळू येते असं वाटतं, पण ती कंबरेइतकी भिंत होऊन आली. जिथं कोप्या होत्या तिथली बाभूळ मुळापासून आडवी झाली. वजनकाट्याची खोली गेली. आत कुणी नव्हतं. सर, त्या जागी त्या दिवशी एकही माणूस नव्हता, हे तुमच्यामुळे.

अब्बा खालच्या व्हॉल्व्हपाशी होते. रोजा होता त्यांचा. मळी आणखी खाली उतरवावी म्हणून कुणाला न विचारता गेले होते. चौघांनी ओढून काढलं तेव्हा नाकातोंडात मळी होती. दोन्ही पाय मोडलेत. चार दिवस बोलणं बंद, गळ्यात नळी.

शनिवारी कारखान्याचा माणूस दवाखान्यात आला. फळं घेऊन आला. टाइप केलेला कागद माझ्या हातात दिला. वेल्डिंग सदोष होतं, जबाबदारी वेल्डरची, असं त्यात होतं. म्हणाला, "शुद्धीवर आले की सही घ्या. तुमची नोकरी कुठं जात नाही."

काल नळी निघाली. आज सकाळी मी त्यांना तो कागद वाचून दाखवला. ते म्हणाले, "पेन दे." मी पेन दिला नाही. पिशवीतून माझ्याकडच्या सगळ्या पानांच्या झेरॉक्स काढल्या आणि त्यांच्या छातीवर ठेवल्या. म्हणाले, "हे काय?" मी म्हणाले, मी रोज काढत होते. तुम्हाला पण काढलंय. चौकशीचे अधिकारी सोमवारी येतायत, त्यांना द्यायची आहेत. त्यात साहेबांना माहीत होतं ते दिसेल आणि तुम्हाला माहीत होतं तेही दिसेल. तुम्ही नको म्हणालात तर फाडते.

त्यांनी एकेक पान डोळ्यांजवळ धरून पाहिलं. तासभर. मला वाटलं, रडतील, नाहीतर ओरडतील. शिडीच्या पानावर बोट ठेवून म्हणाले, "वेल्डिंगचा होल्डर मी उजव्या हातात धरतो. तू डाव्यात काढलंय." मग पुन्हा पहिल्यापासून पाहिलं.

"तीनच पत्रे काढल्यात," ते म्हणाले.

"तीनच होते, अब्बा."

"चार. चौथा मी दोन तारखेला मारला. धाकट्या टाकीला. मागच्या अंगानं, शेताकडच्या. तुझ्या खिडकीतनं दिसत न्हाई ते."

घसा दुखत होता त्यांचा, थांबून थांबून सांगत होते. मोठीतली मळी धाकटीत घेतली तशी धाकटी गच्च भरली, आणि मागची शिवण फुगली. "कोप्या तिथं आल्यात हे मला ठाव हुतं. मी जाऊन सांगितलं सायबाला. त्यो म्हनला, आठ दिवसांत पट्टा पडतोय, तवर कुणाला बोलू नको, घबराट व्हईल. मी बोललो न्हाई. पत्रा मारला, सही केली."

मी उठले. ते म्हणाले, "आधी तिकडं जा. कागद मग."

मी दवाखान्यातून रिक्षा केली. वाटेत हौसरावांना फोन लावत होते, लागत नव्हता. मोठी टाकी फुटल्यापासून तिथं पोलिसांची दोरी आहे, पण ती मोठ्या टाकीभोवती. धाकटीला सगळे सुरक्षितच समजतात. समोरून तिलाही नवा चंदेरी रंग दिलाय. कालच एक साहेब तिच्यासमोर फोटो काढून गेला म्हणे. कोप्यांपाशी पोरं खेळत होती, सोजराबाई भाकरी थापत होती. मी टाकीला वळसा घालून मागं गेले. कोप्यांच्या वर, दीड पुरुष उंचीवर चौथा पत्रा आहे. त्याच्या कडा ओल्या होत्या. खालच्या पत्र्यावर हात ठेवला तर पोळला.

तुम्ही या टाकीला स्वच्छ समजलात ते माझ्या चित्रांवरून. आणि मी तिची एकच बाजू काढली होती. आपल्या दोघांचं चुकलं, सर, पण आधी माझं.

हौसराव म्हणाले, "पोरी, मास्तरांनीच हितं आणलं आमाला. आता परत कुठं?" मी म्हणाले, कालव्याच्या पलीकडं, चढावर, आत्ताच्या आत्ता. कुणाची परवानगी विचारू नका. सोजराबाईनं तवा उतरवला, चुलीत पाणी ओतलं आणि स्वतःच्या कोपीचा पहिला खांब उपटला. मग बाकीचे उठले.

आता साडेचार वाजलेत. मी कालव्याच्या भरावावर बसून लिहितेय. चौदा कोप्या इकडं आल्या, आठ अजून तिकडं आहेत. माऊलीदादांनी ट्रॅक्टरच्या दोन खेपा केल्या. त्यांनाच मी आता पाठवतेय, तुम्हाला घेऊन यायला. तालुका कचेरीला फोन केला, ते म्हणाले, माणूस पाठवतो. अजून आला नाही. कारखान्याचे दोघे आले होते, आरडाओरडा करून गेले.

इथून धाकट्या टाकीची मागची बाजू दिसते. मी चौथ्या पत्र्याचं पान काढलंय आणि कोपऱ्यात तारीख टाकली आहे. मी निघताना अब्बांनी सांगितलं होतं, तोही काढ, माझ्या नावासकट. नाव घातलंय. काढायला बसले तेव्हा पत्र्याच्या खालच्या कोपऱ्यातून एक ओघळ होता. आता तीन आहेत.

थांबते. तिकडं अजून म्हातारी माणसं आहेत, त्यांना उचलून आणायला हात कमी पडतायत.

शायना